बाबांचा पाग

वाग्देवी शारदेला आणि एकविरा आईला वंदन करून, आज बाबांच्या श्राद्धतिथीला हे लिहिते.

"मासळीबाजार इथे आणू नका, बाई."

अंधेरीच्या वर्गात सर सर्वांसमोर मला असे म्हणाले. मी पासष्ट वर्षांची, निवृत्त संस्कृत शिक्षिका. दर शनिवारी तिथे प्राचीन ग्रीक शिकायला जात असे. भाषांतराला इंग्रजी वाक्य होते: एक माणूस खडकावरून 'नेट' टाकतो. इंग्रजीत सगळ्या जाळ्यांना तो एकच शब्द. ग्रीकात मात्र जाळ्यागणिक वेगळा. सरांच्या उत्तरात 'दिक्तुऑन' होते, म्हणजे कुठलेही जाळे. मी 'अम्फिब्लेस्ट्रॉन' लिहिले. एकट्याने हाताने भिरकावायचे, गोल पसरणारे जाळे.

"हे कुठून काढलंत?"

"कोशात आहे, सर. माझे वडील खारदांड्याच्या किनाऱ्यावर हेच टाकत. आम्ही त्याला पाग म्हणतो."

मागून कोणीतरी म्हणाले, "आता बाकांवर बोंबील वाळत घालतील हं!" सगळे हसले. सरही हसले. मग ते वाक्य.

मी "हो, सर" म्हटले. खोडरबर घेतला. शब्द पुसला. दिक्तुऑन लिहिले.

माझा हात कोणी धरला नव्हता. शब्द मीच पुसला.

त्या दिवसापासून जपाला बसले की पागाचे शिशाचे मणी पाण्यावर पडल्याचा आवाज येतो. बाबा खडकावर उभे असतात. मनगटाला दोरी, पागाची कड दातांत. लहानपणी मी जाळे म्हटले की ते कड सोडून ओरडत, "जालं नको बोलू गो, पाग बोल!" आता ओरडत नाहीत. दातांत कड धरून नुसते पाहतात. जपमाळेचा मणी बोटांखाली शिशासारखा गार लागतो.

वर्गाच्या भाषांतरांची पुस्तिका निघणार होती. सरांनी पाने सह्यांसाठी पुढे ठेवली. मी दिक्तुऑनवर काट मारली. वर अम्फिब्लेस्ट्रॉन लिहिले. शाईने.

"मग तुमचं पान गाळावं लागेल, बाई."

"गाळा. सही याच शब्दाखाली करीन."

सही केली. पान गाळले गेले. बाबा अजून बोललेले नाहीत. बोलतील असे मी धरूनही चाललेले नाही. आज त्यांचे पान वाढताना एवढेच सांगितले: माझ्या हाताने तुमचा शब्द पुन्हा पुसला जाणार नाही. वर्ग सोडावा लागला तरी चालेल.

वाचकहो, तुमच्या घरादारावर एकविरा आईची छाया राहो. आणि तुमच्या वडिलांचा शब्द पुसायला तुमचा हात कधी न धजो.