सहा वाड्यांची एक वात

कागदाची रिकामी नळी हातात आली की मावशी ती आधी डोळ्याला लावायच्या. समोर सुपरवायझर असो नाहीतर खुद्द मालक, त्याला नळीतून वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या आणि म्हणायच्या, "भरन्याजोगं हाय!" हे नळीबद्दल की आपल्याबद्दल, असा विचार समोरचा करेपर्यंत त्या पुढच्या कामाला लागलेल्या असत.

पिरंगुटजवळच्या आमच्या कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी होतात. मी कॉम्प्युटरवर त्यांची ड्रॉइंगं काढतो; मावशी खाली गोंद लावायच्या. सासर जवळच्याच भरे गावात, माहेर लांब, एका धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. माहेरच्या गावच्या जत्रेला जी शोभेची दारू उडते, ती पिढ्यान्पिढ्या त्यांच्याच घरातली. आता भाऊ करतो. परवाना, शेड, सगळं रीतसर.

एका जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझ्या डब्याशेजारी नळ्यांचा ढीग ओतला.

"सर, हितं बघा. समदी मानसं आयतं फटाकं आनत्यात. सवताच्या हातानं कुनी करतंय का?"

"मावशी, तुरुंगात जायचंय का?"

"दारूला हात कुनी लावायचाच न्हाई वो! ती माझा भाऊ भरल, बूच मारून पक्की. मानसानं निस्तं जोडायचं. आधी ठिनग्यांचं झाड, मग तारं. न्हाईतर आधी तारं, मग झाड. ज्याची त्याची हौस!"

खरं सांगतो, अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी बिस्किटांची आणि नळाच्या तोट्यांची खोकी काढत होतो आणि इथे खालच्या मजल्यावर ही बाई आभाळ सुटं करून खोक्यात भरायला निघाली होती! माझी भाजी गार झाली. तीन आठवडे मी दुसरं काही धड केलं नाही. सहा तुकडे, सहा रंगांच्या टोप्या, उतरंडीसारखे एकावर एक बसणारे. वरचा आधी उडणार, मग त्याच्या खालचा. झाकणावर काय छापायचं ते मावशींनी आधीच ठरवलं होतं: जोडील त्यानं पेटवायचं.

"एवढं कशाला ते?" मी विचारलं.

मावशींनी एक नळी उचलून बोटांत फिरवली. "सात वर्साची व्हते तवापास्नं नळ्या वळल्या मी. दादाच्या दुप्पट. पेटवायला तेवढं दादाला बलवायचं. पोरीनं वात लावायची न्हाई म्हनं. मी लांबनं बघायचं, माझी कंची ते वळखायचं." मग हसल्या. "लग्नाच्या दिवशी बी माझ्याच नळ्या उडल्या, सर. पेटवल्या दादानंच."

मला त्या क्षणी त्यांच्या दादाचा भयंकर राग आला. माणसाला मी तोवर पाहिलंही नव्हतं.

पाहिलं तेव्हा तो शांत, कमी बोलणारा गृहस्थ निघाला. त्याने तुकडे भरून दिले, पण अट घातली. "जत्रंत गावासमोर उडलं तर पुढं करू. न्हाई उडलं तर मातर परत नाव काढायचं न्हाई."

जत्रेच्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारून गेलो. मावशींनी गावच्या सहा वाड्यांना एकेक तुकडा दिला. माणसं हरखून गेली. म्हातारे टोप्यांचे रंग बघत होते, बायका आपल्या वाडीचा तुकडा पदराने पुसत होत्या. आणि मग जोडायची वेळ आली. तुम्ही गावाकडचे असाल तर पुढचं ओळखलंच असेल. मी पुण्याचा, मला कॉम्प्युटरने सांगितलं नाही.

सगळ्यात वर कुणाचा?

"मान आमचा! पालखीला पयला खांदा आमचा हाय!"

"आन् देवाला पानी कुनाच्या हिरीचं? आमी काय बुडाला बसू व्हय?"

आजवर दारू एका घरची, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. ती जागा आम्ही खास डिझाइन करून दिली होती. दिवस मावळला, सहा वाड्यांचे सहा तुकडे सहा जणांच्या मुठीत. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता."

मावशींनी माझं खोकं ओढलं, झाकण उलटं केलं आणि कात्री चालवली. तीन आठवड्यांच्या ड्रॉइंगचा गोल पत्रावळीएवढा तुकडा झाला. त्याला कडेने सहा खाचा पाडल्या. "ठिवा. वरचा कुनी न्हाई, खालचा कुनी न्हाई." सहाही वातींच्या शेपट्या त्यांनी मधोमध आणून एकात वळल्या. "समदी एकदम उडत्याल!"

गाव खूश! पण लगेच पुढचा प्रश्न. वात एक, लावायची कुणी? दादा पुढे झाला, तर पाच वाड्या ओरडल्या, "तू तुज्या वाडीचा! मग मान तुमचाच झाला की!" आणखी कुणी सरसावला, तर त्यालाही तेच उत्तर.

तेवढ्यात एक म्हातारी कडाडली, "अरं, ही लेक हाय ना! दिल्या घरची झाली, हितल्या कुटल्याच वाडीत ती न्हाई. तिला लावू द्या."

मग एकेक मान हलली. ज्या गावात मावशींना कसलाच मान नव्हता, त्या गावात तेवढ्यासाठीच वात त्यांच्याकडे आली. दादाने खिशातली काड्यापेटी त्यांच्या तळहातावर ठेवली.

पहिली काडी विझली. दुसरी लागली. सगळे मागे पळाले, मावशी मात्र चार पावलंच सरकल्या. आणि मग, काय सांगू तुम्हाला, सहा वाड्या एकदम आभाळात गेल्या! लाल, हिरवं, पिवळं, रुपेरी... कुठला तुकडा कुणाचा ते कुणालाच कळेना. मी एखाद्या वेड्यासारखा ओरडत होतो, आणि माझ्याशेजारी पहिल्या खांद्याचा मानकरी माझ्याहून मोठ्याने ओरडत होता.

पुढच्याच महिन्यात मावशींनी कारखाना सोडला. गोंदाच्या टेबलाशी आता दुसरी बाई उभी असते, कामाला चांगली आहे, पण मला मावशींशिवाय करमत नाही. त्या भावाच्या शेडमध्ये असतात. खोकी आमच्याकडूनच जातात, गोल.

जत्रेच्या त्या रात्री धूर निवळला तेव्हा दादाने सवयीने हात पुढे केला. "आन गं, काड्यापेटी."

मावशींनी ती कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "तू नळ्या वळ."