बराकाश बाबू बावसकर

ती घटना विसरायची मी पुष्कळ खटपट केली, पण जमलं नाही. माझ्या सेवापुस्तकात एक शेरा आहे: 'आरोपीची ओळख पटवण्यात हलगर्जीपणा'. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत निरीक्षकापर्यंत आलो. कोणाची चिठ्ठी घेऊन आलो नाही. त्यामुळे तो शेरा अजून बोचतो. या हकिकतीतली नावं मी बदलली आहेत. अक्षरांचा गुंता मात्र होता तसाच ठेवला आहे, कारण सगळा घोटाळा अक्षरांत झाला.

माझ्या हद्दीत कोळंबी गोठवण्याचा एक कारखाना होता. त्याला आग लागली आणि आत झोपलेला रखवालदार जळून मेला. आग लागली नव्हती, लावली होती, हे पंचनाम्यातच दिसलं. कारखान्याचा व्यवस्थापक जळगावकडचा, प्रकाश बापू बावसकर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः त्याचा जबाब घेतला. उंच, गोरा, प्रश्न विचारला की आधी हातातलं घड्याळ फिरवणारा. त्या दिवशी अटक करण्याइतका पुरावा नव्हता. पुरावा हाती येईपर्यंत तो पसार झाला होता.

पुढे बराच काळ काही कळलं नाही. मग कुवेतहून सुट्टीवर आलेला एक फिटर ठाण्यात आला. तो पूर्वी त्याच कारखान्यात कामाला होता.

"साहेब, एगैलाच्या मॉलमध्ये आमचा मॅनेजर दिसला," तो म्हणाला. "मी हाक मारली, तर भरलेली ट्रॉली तिथंच टाकून गेला."

भरलेली ट्रॉली टाकून जाणारा माणूस सहसा निर्दोष नसतो. मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि प्रस्ताव वर पाठवला. ठाण्यातून जिल्हा, जिल्ह्यातून मुंबई, मुंबईतून दिल्ली, दिल्लीतून कुवेत. पासपोर्टचा नंबर आमच्याकडे नव्हता, कारण त्याने एजंटाकडून नवा काढला होता. फोटो फॅक्सने गेला, म्हणजे काळा डागच गेला. शिल्लक राहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि अंदाजे वय.

त्यावर त्यांनी माणूस पकडला. आरोपीला पाहिलेला अधिकारी मीच असल्याने ताबा घ्यायला मला पाठवलं. सोबत एक जुना हवालदार होता.

कुवेतमध्ये फरारी लोकांचं काम पाहणारं एक कार्यालय होतं. तिथला मेजर माझ्याच वयाचा, शांत माणूस. माझं इंग्रजी तुटकं, त्याचंही फार वेगळं नव्हतं. म्हणून त्याने त्यांच्या कॉम्प्युटरची देखभाल करणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर दुभाष्या म्हणून बोलावला. तो निघाला म्हसळ्याकडचा, कोकणी मुसलमान, घरी मराठी बोलणारा.

पोलिसाने दारात ओरडून हाक दिली, "बराकाश बाबू बावसकर." आतून एक बुटका, सावळा माणूस "होय होय" म्हणत आला. दोन्ही हातांना सुताराचे घट्टे.

मी हवालदाराकडे पाहिलं. त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलं.

"हा नाही?" तो हळूच म्हणाला.

"हा नाही."

तरीही मी ताबडतोब तसं जाहीर केलं नाही. वेगळा माणूस समोर आला की पोलीस आधी विचारतो, हा का आला. कागद विकले असतील, जागा बदलली असेल, खऱ्याला वाचवायला तोतया उभा केला असेल. मी त्याला समोर बसवला आणि आवाज चढवला.

"बावसकर कुठं आहे?"

"माका म्हायत नाय, साहेबांनू. मी पावसकर. प्रकाश बाबू पावसकर. कुडाळाकडचो. हंय सलव्यात एका घरात किचनची कपाटा करी होतंय, थयसून उचलून हाडल्यानी."

"मग यांनी विचारलं तेव्हा बावसकर आहे म्हणून कबूल का केलंस?"

"मी खय कबूल केलंय?"

इंजिनिअरने फाइल चाळली. "केलंय, साहेब. तीनदा विचारलंय, तीनदा होय म्हटलंय. खाली सही आहे."

मी टेबलावर हात आपटला. हवालदाराने माझी बाही ओढली. सुतार घाबरला, पण त्याच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती. तो खरोखरच कोड्यात पडला होता.

"साहेबांनू, हंय सगळे माका बराकाशच म्हणतत. मुकादम म्हणता, दुकानवालो म्हणता, दवाखान्यात तसाच पुकारतत. तेंका प म्हणूक येणा नाय. तेंनी इचारल्यानी, तू बराकाश बाबू बावसकर? मी म्हटलंय होय. आता येवढ्या वरसांनी काय भांडतलंय तेंच्याशी?"

इंजिनिअर हसू दाबत होता. "साहेब, यांच्या लिपीत प नाही. पासपोर्टचा बासबोर्ट होतो. तुमी स्वतः हितं पोलीस नाही, बोलीस."

मी त्याला कागद पुढे ओढायला लावला आणि दोन्ही नावं अरबीत लिहायला सांगितली. एकाखाली एक. त्याने आमच्या आरोपीचं नाव लिहिलं, मग या सुताराचं. बापूचा बाबू झाला, पावसकरचा बावसकर झाला, प्रकाश दोन्हीकडे बराकाश. मला अरबी वाचता येत नाही, तरी डोळ्यांना कळलं की दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या आहेत. त्यांच्या यंत्राने आमचं इंग्रजी पत्र आपोआप अरबीत उतरवलं, अरबी नाव शोधलं आणि या सुताराच्या कार्डापाशी जाऊन थांबलं. खरा बावसकर एजंटाच्या कागदांवर कुठल्यातरी वेगळ्या नावाने राहत असणार.

मेजरने सगळं ऐकून घेतलं. त्याने सुताराला पाणी आणि खुर्ची दिली. त्यालाही पटलं होतं. मला वाटलं, काम संपलं.

"मग सोडा याला," मी म्हटलं.

मेजरने इंजिनिअरकडे पाहिलं. इंजिनिअरने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला. सुताराच्या फोटोवर लाल पट्टी होती. तिच्याखाली दोन चौकोन.

"एक 'सुपूर्द', एक 'हद्दपार'," तो म्हणाला. "यातला एक दाबल्याशिवाय लाल पट्टी जात नाही. आणि पट्टी असेपर्यंत याला कोणी फाटकाबाहेर सोडणार नाही. कार्ड चालणार नाही, इकामा म्हणजे राहायचा परवाना वाढणार नाही."

"चुकीचा माणूस पकडला तर?"

"त्याचं बटण नाही."

"मग घाला."

"चेंज रिक्वेस्ट भरावी लागते. ती युरोपात हेड ऑफिसला जाते. तिथून कोटेशन येतं, ते मंत्रालयात जातं. मंत्रालय म्हणतं, हे आधीच्या करारात धरलेलं आहे. कंपनी म्हणते, टेंडरात लिहिलेलं नव्हतं. अशी एक रिक्वेस्ट मी आलो तेव्हापासून पडून आहे."

"टेंडर लिहिलं कोणी?"

"सल्लागारांनी." त्याने आवाज उतरवला. "ते आधी आमच्याच कंपनीत होते."

"दुसरी कंपनी आणा मग."

"काढलं होतं ना टेंडर. पाच जण आले, चौघं चहा पिऊन गेले. लोकांचे ठसे, फोटो, नावं, सगळं आमच्या साच्यात साठवलेलं आहे. तो साचा उघडायची किल्ली दुसऱ्या कोणाकडे नाही. साहेब, खरं सांगू, माझ्याकडेपण नाही."

मी मेजरवर घसरलो. तुमचं कार्यालय, तुमचा शिक्का, तुमची माणसं, आणि स्वतःची चूक तुम्हाला दुरुस्त करता येत नाही? इंजिनिअरने यातलं किती सांगितलं आणि किती गिळलं मला ठाऊक नाही. मेजर चिडला नाही. त्याने विचारलं, तुमच्याकडे चूक झाली की काय करता? मी म्हटलं, आमच्याकडे रजिस्टर असतं, चुकीची ओळ खोडतो आणि शेजारी सही करतो.

"मला खोडता येत नाही," तो इंग्रजीत म्हणाला, आणि खिडकीकडे पाहू लागला.

इतक्या अधिकाऱ्यांशी माझा संबंध आला. काम न करणारे पाहिले, काम अडवणारे पाहिले. करायची इच्छा आहे, अधिकारही आहे आणि तरी हात बांधलेले, असा अधिकारी मी पहिल्यांदा पाहिला. त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता.

मग मी घासाघीस सुरू केली. माझी आई सुकी मासळी विकायची, तिच्या पाटीशेजारी बसून मी ही विद्या शिकलो. समोरच्याला काय देता येत नाही ते सोडायचं आणि काय देता येतं त्याच्या मागे लागायचं. इंजिनिअरच्या कंपनीला आमच्याकडच्या सरकारी कामांत रस होता, हे मी त्याच्या बोलण्यातून काढून घेतलं. म्हटलं, मी परत जाऊन अहवाल लिहिणार आहे, तो मुंबईत कोण कोण वाचेल सांगता येत नाही. त्याने दोन फोन केले आणि नव्या बटणाची विनंती पोचपावतीसह माझ्यासमोर भरली. मेजरकडून मी त्याच्या सहीचं पत्र घेतलं, की या इसमाच्या ओळखीबाबत दोन्ही बाजूंना शंका आहे. सलव्याच्या त्या घरून सुताराची हत्यारांची पेटी आणवली. विमानतळापर्यंत त्याला बेड्या घालणार नाही, हेही लिहून घेतलं.

"तुमी व्यापारात असतात तर आमच्या सेल्सवाल्यांना विकून खाल्लं असतंत," इंजिनिअर म्हणाला.

खरा प्रश्न सुताराचा होता, आणि तो त्यालाच विचारायला हवा होता. मी त्याला सरळ सांगितलं. इथे थांबलास तर बटण येईपर्यंत कोठडी. कधी येईल कोणी सांगू शकत नाही, आणि तोवर तुझा इकामा संपेल. 'हद्दपार' दाबलं तर आखाताचं दार बंद, शिवाय यांनी पकडलेला बावसकर म्हणून आमच्या कागदांवर तू फरारीच राहशील. 'सुपूर्द' दाबलं तर मी तुला आरोपी म्हणून नेणार आणि आपल्या कोर्टातून सोडवणार. ते माझ्या हातात आहे. पण इथल्या यंत्रात तू पकडून दिलेला गुन्हेगार राहशील. परत येणं कठीण.

तो बराच वेळ हाताचे घट्टे चोळत राहिला.

"माका हंयच ऱ्हवाचा होता, साहेबांनू. काम बरा चलला होता. सलव्यातली बाई दुसऱ्या घराचा काम देतलंय म्हणत होती." मग म्हणाला, "तुमी सोडवतल्यात मां नक्की?"

"सोडवतो."

"मगे दाबा काय ता."

मी ताबा पावतीवर सही केली. मेजरने चौकोन दाबला आणि लाल पट्टी गेली. विमानात तो माझ्या आणि हवालदाराच्या मध्ये बसला. जेवण आलं तेव्हा हवालदाराने आपली मिठाई त्याच्या ताटात ठेवली.

दिलेला शब्द मी पाळला. त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं, कारखान्याचे दोन कामगार ओळखीसाठी आणले आणि याच्याविरुद्ध पुरावा नाही असा कलम १६९ चा अहवाल दिला. तो सुटला. त्याचा भाऊ न्यायला आला होता. दोघांनी मिळून पेटी उचलली.

माझी मात्र चौकशी लागली. सरकारी खर्चाने परदेशातून भलताच इसम आणला, पावतीवर सही का केली? मी सगळं लिहून दिलं. दोन चौकोन, तिसरा नाही, हे वातानुकूलित खोलीत बसलेल्या तीन अधिकाऱ्यांना समजावून सांगताना माझा आवाज चढला आणि तोही माझ्या विरोधात नोंदवला गेला. बढती हुकली. त्या तिघांतले एक साहेब पुढे खात्याच्या संगणकीकरणाच्या समितीवर गेले. माझा अहवाल कोणी मागितला नाही.

मी आजही तीच सही केली असती, हे इथे लिहून ठेवतो.

वर्षभराने तोच फिटर पुन्हा सुट्टीवर आला. खरा बावसकर या वेळी सबाह अल-सालेममध्ये दिसला होता, नवी गाडी चालवताना. मी पुन्हा प्रस्ताव पाठवला. दिल्लीमार्गे उत्तर आलं, दोन ओळींचं. सदर नावाचा इसम आपल्या ताब्यात देण्यात आला असून प्रकरण बंद झालेलं आहे. आपल्या अधिकाऱ्याची पावती सोबत जोडली आहे.

रखवालदाराच्या बायकोला हे मी कधी समजावून सांगू शकलो नाही.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. सरकार एखादं यंत्र विकत घेतं तेव्हा सगळी घासाघीस किमतीवर होते. ती सोपी असते. खरी बोली दुसरीच असते: चूक झाली तर ती कोणी खोडायची, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागेल. विकणारा तो विषय काढत नाही. घेणाऱ्याला तो सुचत नाही, कारण चूक आपल्याबाबत होईल असं त्याला वाटत नाही. ती होते सलव्यात कपाटं बनवणाऱ्या माणसाबाबत. आता आपल्याकडेही जिकडेतिकडे ठसे घेतात. मी निमूट देतो. माझ्या वयाला कोणाशी भांडत बसू?

पावसकर गावीच असतो. दारं-खिडक्या करतो. दोनदा त्याने आखातात जायची खटपट केली, एकदा दुसऱ्या देशातही अर्ज केला. दर वेळी एजंटाने पासपोर्ट परत दिला. खरा बावसकर पकडला गेला तर आपलं नाव मोकळं होईल, असं कोणीतरी त्याच्या डोक्यात घातलं आहे. अधूनमधून त्याचा फोन येतो. आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतो, पाऊसपाण्याचं सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

"साहेबांनू, तो गावलो काय?"

पूर्वी मी म्हणायचो, शोध चालू आहे. पोलिसाला ते वाक्य झोपेतही म्हणता येतं. गेल्या खेपेला मात्र मी त्याला खरं ते सांगितलं. म्हटलं, प्रकाश, त्याला आता कोणी शोधत नाही. त्यांच्या लेखी तो सापडलाय.