चाचणी-दोनमधले व्हॉल्व्ह

चारकोपच्या संघमित्राला प्रोग्रॅमची नावं ठेवायचा भारी कंटाळा. सगळ्याच प्रोग्रॅमरांना असतो म्हणा. सहा वर्षांपूर्वी तिने वडिलांसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, घाईत त्याला 'चाचणी-दोन' म्हटलं आणि तेच नाव पुढे चिकटून राहिलं.

वडील, भाऊराव, पालिकेत चावीवाले होते. रस्त्याखालचे व्हॉल्व्ह फिरवून वस्त्यांना पाणी सोडायचं, तीस वर्षं हेच काम. कुठला व्हॉल्व्ह कुठे ते सगळं डोक्यात. निवृत्तीनंतर ते रोज या प्रोग्रॅममध्ये एका बोटाने टाइप करत बसायचे: 'पिंपळापासून सात पावलं, डांबराखाली, उलटा फिरतो.' मग दोन वर्षांपूर्वी मेंदूला झटका आला. माणूस वाचला, पण कितीतरी गल्ल्या डोक्यातून साफ पुसल्या गेल्या. लिहिलेल्या होत्या तेवढ्याच उरल्या.

हा प्रोग्रॅम रुबी या संगणकभाषेतल्या एका फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, उभा होता. खिडक्या, बटणं हा वरचा थाट जावास्क्रिप्टचा. आतला सगळा संसार रुबी सांभाळायची. हल्ली तो मधेच बंद पडायला लागला, म्हणून रविवारी सकाळी संघमित्राने फ्रेमवर्कची नवी आवृत्ती बसवली. नोंदींना हात लावायचाच नव्हता, तेव्हा प्रत कशाला काढायची? शहाणपणा नडतो तो असा. आणि एवढं करतोच आहोत तर म्हणून तिने नावही सुधारलं: 'पप्पांचे व्हॉल्व्ह'.

खिडकी झकास उघडली. आत एकही नोंद नव्हती.

"काय गं मित्रा, वाट लागली का?" मागच्या खुर्चीतून भाऊरावांनी विचारलं.

"थांबा ना पप्पा जरा!" ती खेकसली.

तासभर तिने फ्रेमवर्क लिहिणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडली. मग नव्या आवृत्तीचं माहितीपत्रक शांतपणे वाचलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फ्रेमवर्क नोंदी ठेवतं ते प्रोग्रॅमच्या नावाच्या फोल्डरमध्ये. नाव बदललं, तसं ते बिचारं नवं कोरं फोल्डर उघडून बसलं होतं. चूक तिचीच.

तिने 'चाचणी-दोन' हे नाव परत टाकलं. भराभर तीनशे तेरा नोंदी पडद्यावर आल्या. संघमित्राला एकदम रडूच फुटलं, आणि रडता रडता हसूही आलं.

"मिळाल्या पप्पा! सगळ्या आहेत!"

भाऊराव उठून जवळ आले. "शेवटची बघ. ती आहे?"

तिने ती उघडली. मागच्याच महिन्यातली होती. 'घर. पाण्याच्या टाकीपासून चाळीस पावलं, दुसरा मजला, हिरवं दार. बेल वाजवायची. मित्रा उघडते.'

"आहे," ती कशीबशी म्हणाली.

"मग झालं." भाऊरावांनी मोठा सुस्कारा सोडला. "बाकीचे काय, खणून सापडतील."