मुळ्याच्या रसाला आग्रह

पुण्यातल्या कॉलेजात मी वर्षानुवर्षं मुळ्याच्या रसातलं पेरॉक्सिडेज शिकवते आहे. या एन्झाइमचं खाद्य म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. ते थेंबाथेंबाने मिळालं, की परीक्षानळीत विटकरी रंग चढत जातो. दर बॅचमध्ये कुणीतरी जास्त रंगाच्या हावेने अख्खी बाटलीच उपडी करतं. मी मुद्दाम अडवत नाही.

यंदा हा मान अमरावतीहून शिकायला आलेल्या मुलीला मिळाला. तिच्या नळीत रंग जेमतेम उमटला आणि तिथेच थांबला.

“मॅडम, मुळा शिळा असेल.”

“मुळा सकाळी मंडईतून मीच आणलाय. शेजारच्या नळीत तोच रस आहे, बघ.”

शेजारची नळी गडद विटकरी झाली होती. तिने घाईघाईने आपल्या नळीत पाणी घालून पेरॉक्साइड पातळ केलं. फरक शून्य.

“अति खाऊ घातलं, की हे एन्झाइम कायमचं निकामी होतं,” मी म्हटलं. “वाढताना हात आवरायला शीक.”

“आमच्याकडे पाहुण्याला असंच वाढतात, मॅडम.”

“मग त्या पाहुण्याचं काय होतं?”

“तो पुन्हा येतो,” ती म्हणाली. “पुण्यात येतो का?”