एक्कावन्नावं नाव

हे मी तुम्हाला सांगतोय ते शोभा बाजारात गेलीय म्हणून. ती घरात असती, तर तिनं मध्येच तोंड घालून सगळं खरं सांगून टाकलं असतं. माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या. पण एकच चूक एकशे सदतीस वेळा, आणि दर वेळी आधीपेक्षा जरा सुधारून, अशी एकदाच.

आमच्या प्राजक्ताचं लग्न ठरलं आणि पाठोपाठ लॉकडाऊन आलं. मुलगा बडोद्यातलाच, अलकापुरीतला, माणसं समजूतदार. दोन्हीकडून ठरलं, थांबू. मग हळूहळू निर्बंध सैल व्हायला लागले आणि लग्नाला पन्नास माणसांची परवानगी मिळाली. लोक म्हणाले, पन्नासांत कसलं लग्न? मीही चारचौघांत मान हलवून हळहळलो. पण घरी येऊन दार लावल्यावर मला जो आनंद झाला, तो तुम्हाला काय सांगू.

कारण आमची मूळ यादी. मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये तीस वर्षं काढली, तरसालीत घर केलं, आणि शोभाचं माहेरही बडोद्यातच. यादी सहाशेच्या पुढे गेली होती. त्यातले निम्मे घरी येऊन पत्रिका दिली नाही म्हणून रुसणार. उरलेले, दोघं का नाही आलात, एकटेच का आलात, म्हणून रुसणार. पन्नासाच्या नियमानं हे सगळं एका झटक्यात संपलं. रुसायचं असेल तर सरकारवर रुसा.

वरपक्षानं पंधरा माणसं घेतली, आमच्या वाट्याला पस्तीस आली. उरलेल्यांतल्या जवळच्यांना फोन करायचे होते. शोभाचं म्हणणं साधं होतं. नियम आहे, बोलावता येत नाही, घरूनच आशीर्वाद द्या, एवढं सांगायचं आणि ठेवायचा. मी म्हटलं, तुला माणसांची मनं कळत नाहीत.

पहिला फोन हर्षदभाईंना केला. हर्षदभाई आमचे शेजारी, भिंतीला भिंत. पण त्या दिवसांत भिंतीपलीकडच्या माणसालाही फोनच करायची पद्धत होती. मी नियम सांगितला. पलीकडून आवाजच येईना. ती शांतता मला काही सहन होईना, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खरं सांगू का हर्षदभाई, यादीत तुमचं नाव एक्कावन्नावं होतं. एका नावानं हुकलं."

हर्षदभाई गहिवरले. म्हणाले, एकावन तर शुकनाचा आकडा. तुम्ही मनात आणलंत, यात सगळं आलं. फोन ठेवला तेव्हा माझेच डोळे ओले झाले होते.

आता मला सांगा, जी गोष्ट एकदा एवढी छान जमली, ती माणूस दुसऱ्यांदा करणार नाही का?

दुसरा फोन वसंतमामांना. हे शोभाचे सख्खे मामा, रेल्वेतून निवृत्त झालेले, सयाजीगंजात स्टेशनच्या मागे राहतात. त्यांनाही एक्कावन्नावा आकडा दिला. शिवाय, मामा, मी हिला म्हटलं माझं नाव काढ आणि मामांचं घाल, पण मुलीचा बाप म्हणून मला काढता येईना, अशी भरही घातली. मामांनी उलट माझीच समजूत घातली. मग मी थांबलोच नाही. कारखान्यातले जुने साहेब एक्कावन्नावे. सोसायटीचे चेअरमन एक्कावन्नावे. कोपऱ्यावर चहाची लारी, म्हणजे हातगाडी, लावणारा रमेश, तोही एक्कावन्नावा. विम्याच्या हप्त्याची आठवण करून द्यायला एका मुलीचा फोन आला, तिलाही मी बोलण्याच्या ओघात तेच सांगून बसलो. ती बिचारी म्हणाली, थँक यू सर.

शोभानं एकदा विचारलं, हे सगळे एकमेकांना भेटले तर? मी म्हटलं, कुठे भेटणार? बागा बंद, लाऱ्या बंद, देवळं बंद. जो तो आपल्या घरात. माणसं भेटत नाहीत तोवर प्रत्येकाला वेगळा जपता येतो.

लग्नाला बारा दिवस उरले होते. सकाळी छापं उघडलं, तर पहिल्याच पानावर बातमी. लग्नातली मर्यादा पन्नासावरून शंभर. बागा उघडणार, खाण्यापिण्याच्या लाऱ्या उघडणार. सगळं बडोदं त्या सकाळी जणू तुरुंगातून सुटलं. आमच्या सोसायटीत कुणी स्कूटर बाहेर काढून नुसतीच चालू करून बघत होतं. समोरच्या बेन पाणीपुरी कधीपासून मिळेल हे तीनतीनदा विचारत होत्या. अख्ख्या शहरात सुतकी चेहरा घेऊन बसलेला मी एकटा.

सात वाजता मामांचा फोन. त्यांनी विचारलंच नाही. "जावईबापू, शंभर झाले. म्हणजे मी आलो," एवढंच म्हणाले. हिशेब बरोबरच होता. एक्कावन्नावा माणूस शंभरात येतोच, त्याला कोण काय म्हणणार? मी म्हटलं, या ना, नक्की या.

मग साहेबांचा आला, मग चेअरमनचा, मग रांगच लागली. दुपारी मी सोसायटीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. सरकारनं फार घाई केली, धोका टळलेला नाही, जबाबदार नागरिकांनी गर्दीत जाणं टाळावं, वगैरे. बावीस जणांनी त्याला अंगठा दाखवला. आणि त्या बावीसांपैकी बहुतेकांनी पाठोपाठ फोन करून विचारलं, मग आम्ही किती वाजता यायचं?

संध्याकाळी शोभा वही घेऊन बसली. कुणाकुणाला एक्कावन्न म्हणालात ते सांगा, म्हणाली. मी म्हटलं, कुणाला नाही म्हणालो ते विचार, लवकर आटपेल. तासाभरानं आकडा निघाला एकशे सदतीस. शिवाय आधीचे पन्नास. तिनं वही मिटली आणि आत जाऊन भाजी निवडायला लागली. 

आता डोकं चालवणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी मी हर्षदभाईंना फोन करून सांगितलं, काय करणार, पन्नास नावांची यादी परवानगीच्या कचेरीत देऊन झालीय, ती आता बदलत नाही. हर्षदभाई म्हणाले, वांधो नहीं, माझा साडूच तिथे आहे. संध्याकाळी त्यांचा फोन आला. शंभर नावांपर्यंत बदलून मिळेल, नवी यादी पाठवा. माणूस मदतीला धावून आला की त्याला आपण थांबवणार कसं, हे मला आजही कळलेलं नाही.

मग मी कारखान्याची युक्ती केली. पाळ्या. एका वेळी मांडवात शंभराच्या वर नकोत, एवढंच ना? पहिली पाळी अकराची, दुसरी साडेबाराची, तिसरी दोनची. पुन्हा एकशे सदतीस फोन केले. तुम्ही साडेबाराला या, तुम्ही दोनला. कुणी कुरकुर केली नाही. सगळे म्हणाले, वांधो नहीं. मी शोभाला म्हटलं, बघ, केवढं प्रेम आहे लोकांचं. महाराजांना, म्हणजे आमच्या स्वयंपाक्याला, दोनशे पानांचं सांगून टाकलं.

लग्नाच्या चार दिवस आधी दूध आणायला निघालो. कोपऱ्यावर रमेशची लारी लागली होती आणि स्टुलांवर शेजारी शेजारी बसले होते हर्षदभाई आणि वसंतमामा. मामा आमच्याचकडे यायला निघाले होते, वाटेत चहाला थांबले. दोघांच्या हातात कप. दोघं माझ्याकडे बघत होते. मी पाय उचलायच्या आधीच रमेशनं चहा गाळता गाळता अगदी निरागसपणे विचारलं, "काका, मारो पण एकावनमो ज ने?"

माझाही एक्कावन्नावाच ना, म्हणे. म्हणजे बोलणं झालेलं होतं.

मामा सावकाश म्हणाले, "बसा जावईबापू. चहा घ्या."

मी काही बसलो नाही. दूध फाटेल, म्हणालो. अजून मी ते घेतलंही नव्हतं.

घरी येऊन शोभाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता जाऊन दोघांची माफी मागा. मी म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे. खरं सांगतो, हिंमत झाली नाही. त्या चार दिवसांत एकाचाही फोन आला नाही. मामा आमच्याकडे न येता परस्पर परत गेले होते. रोज रात्री भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज ऐकू यायचा, तोही बंद झाला असं मला वाटायला लागलं. मी मनाची तयारी केली. हे एकशे सदतीस जण एकदम येतील, मांडवात उभे राहतील, आणि व्याह्यांच्या देखत माझी लाज काढतील.

लग्नाच्या दिवशी आम्ही नटूनथटून पार्टी प्लॉटवर, म्हणजे लग्नासाठी भाड्यानं घेतलेल्या मैदानावर, गेलो. दारात मोजणीसाठी एक होमगार्ड वही घेऊन बसला होता. मी सॅनिटायझरची बाटली घेऊन त्याच्या शेजारी उभा राहिलो. निम्मं सॅनिटायझर माझ्याच धोतरावर सांडत होतं.

अकरा वाजले. वरपक्ष आला, आमचे जवळचे आले. तेवढ्यात फोनवर मेसेज यायला लागले. पहिला साहेबांचा. थोडी सर्दी वाटते आहे, धोका नको, घरूनच आशीर्वाद. मग चेअरमनचा. घसा खवखवतो आहे. मग बाकीच्यांचे. त्या एका सकाळी बडोद्यात जेवढी सर्दी झाली, तेवढी सबंध साथीत झाली नसेल. आणि त्या दिवसांत सर्दीपुढे बोलता काय? ये म्हणायची सोयच नाही. हर्षदभाईंनी कंबर धरल्याचं कळवलं, खाली हात जोडलेली चार चित्रं. मामांचा मेसेज सगळ्यांत छोटा. शिंका.

साडेबाराची पाळी आली नाही. दोनचीही नाही. होमगार्डनं वही दाखवली. सगळे मिळून सेहेचाळीस. म्हणजे जुने पन्नास धरले, तर त्यांतलेही चार गळाले होते. साहेब, हवं तर मी जेवून घेऊ का, होमगार्ड म्हणाला. मी म्हटलं, दोनदा जेव.

प्राजक्ता मात्र खुशीत होती. बाबा, आलेल्या प्रत्येकाचं नाव मला माहीत आहे, म्हणाली. मी हसलो, पण माझं लक्ष रिकाम्या खुर्च्यांकडे. शोभाचंही तिकडेच. तिच्या मामांची खुर्ची तिनं पुढच्या ओळीत ठेवायला लावली होती. ती बघितल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं राहिलेलं नाही.

मुलगी सासरी गेली. उरलेलं अन्न मकरपुऱ्याच्या कामगार वस्तीत वाटलं. संध्याकाळी शोभानं दोन डबे भरले, एक हर्षदभाईंचा, एक मामांचा, आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, जा.

हर्षदभाई झोपाळ्यावर बसले होते. कंबर चांगली होती. मी डबा ठेवला आणि उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. खोटं बोललो, सगळ्यांनाच एक आकडा दिला, तुम्ही चिडलात ते बरोबरच आहे, मोठं मन करून माफ करा.

हर्षदभाईंनी झोपाळा थांबवला. ते माझ्याइतकेच ओशाळलेले दिसले. "खोटुं न लगाडता, कदमभाई," ते म्हणाले, म्हणजे वाईट वाटून घेऊ नका. "साचुं कहुं? अमे तो राजी थई गया हता."

चिडले कसले, खूशच झाले होते. मग मला सगळं हळूहळू कळलं. पहिल्या फोनवर ती जी शांतता होती ना, ती दुःखाची नव्हती. ते बायकोला, हंसाबेनना, खुणेनं सांगत होते, सुटलो. कडक कपडे घाला, दोन तास उभे राहा, तोंडाला फडकं बांधून हसा, कुणाला हवंय? मर्यादा शंभर झाली तेव्हा ते हादरले. कदमभाईंना वाईट वाटेल म्हणून सगळ्यांनी आधीच फोन करून येतो म्हटलं, आणि मी काहीतरी नवी अडचण काढीन म्हणून वाट बघत बसले. मी कचेरीची अडचण काढली, तेव्हा त्यांना हायसं वाटणार होतं, तेवढ्यात स्वतःच्याच तोंडून साडूचं नाव निघून गेलं. मग लारीवर मामा भेटले. एक्कावन्नावे एवढे आहेत म्हटल्यावर दोघांनी एकदमच विचार केला, मग आपण एक नाही गेलो तर काय कळणार आहे? लारीवरून बातमी पसरली आणि हाच विचार एकशे सदतीस जणांनी केला.

आणि मी दीड महिना समजत होतो, सगळं बडोदं माझ्या मांडवात यायला तडफडतंय.

मी खाली बसलो. हंसाबेननी पाणी आणलं. हर्षदभाईंनी, काहीतरी करायचं म्हणून, डब्याचं झाकण उघडलं. चमचाभर तोंडात घातलं. थांबले. आणखी एक चमचा घेतला. मग वाटी जवळ ओढून माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की एवढ्या सगळ्या प्रकारात त्यांना खरा राग आला असेल, तर तो तेव्हाच.

"बासुंदी छे एम कह्युं होत," ते म्हणाले, "तो आवी जात ने."

तिथून निघालो तो दुसरा डबा घेऊन सयाजीगंजला. मामांनीही झाकण उघडून बरोबर हेच म्हटलं, बासुंदी आहे म्हणाला असतात, तर आलो असतो ना. फक्त मराठीत.