दुसऱ्या डोसची तारीख

पिल्लू घरात आलं सासऱ्यांच्या मर्जीने आणि त्याचं सगळं करायचं आलं माझ्यावर. आमच्या बागेतल्या राखणदाराच्या कुत्रीला चार पिल्लं झाली होती. त्यातलं एक सासऱ्यांनी आंब्याच्या रिकाम्या पेटीत घातलं, स्कूटरवर पायांशी ठेवून घरी आणलं आणि ओटीवर ठेवून मला म्हणाले, "दूध दे गो याला." मी दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. पुढच्या पाच मिनिटांत पिल्लाने त्यातल्या दोन पेपरांवर मुतून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी कार्ड करून दिलं. आधी जंताचं औषध, आठवड्याने पहिलं इंजेक्शन, एकवीस दिवसांनी दुसरं, मग तिसरं, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजचं. "आणि हे पुरं होईपर्यंत घराबाहेर न्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "रस्त्यावरच्या आजारी कुत्र्याची घाण नुसती हुंगली तरी पार्व्हो होतो, रक्ताची हगवण लागते."

घरी येऊन मी हे सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी आजवर सात कुत्री पाळली. एकालाही सुई लावली नाही," ते म्हणाले.

"बाबा, त्यातली म्हातारी होऊन किती गेली?"

त्यांनी थोडा वेळ आठवून पाहिलं. "दोन," म्हणाले, आणि पेपर उघडून बसले.

जंताचं औषध मी एकटीने पाजलं. अर्धं त्याच्या पोटात गेलं, अर्धं माझ्या ड्रेसवर. संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात त्याने जे केलं त्यात शेवयांसारखे जंत वळवळत होते. मी मुद्दाम सासऱ्यांना बोलावून दाखवलं. वाकून बघत ते म्हणाले, "तुझं ते पिशवीचं दूध बाधलं असेल."

पहिलं इंजेक्शन निर्विघ्न पार पडलं. मला वाटलं, आता लागेल सगळं मार्गी. मग एका सकाळी पिल्लाला पुसताना त्याच्या पंज्यांत वाळू सापडली, ओली, करडी वाळू. आमच्या खळ्यात तांबडी माती आहे.

"मांडवीला नेलं होतं," सासरे म्हणाले. "समुद्राची हवा लागली की अंग धरतं."

"तिथे किती भटकी कुत्री असतात, बाबा."

"त्यांची ओळख नको का व्हायला?"

मी भांडी जरा जोरात घासली, एवढंच.

दुसऱ्या डोसच्या दिवशी नेमकी माझी शाळेत तपासणी होती. मी कार्ड सासऱ्यांच्या हातात दिलं, वेळ सांगितली, रिक्षावाल्यालाही सांगून ठेवलं. संध्याकाळी परत आले तर कार्ड टीव्हीवर ठेवलेलं, नवी नोंद न होता.

"सकाळी शिंकलं ते," सासरे म्हणाले. "शिंकणाऱ्या पिल्लाला टोचू नये."

नवरा मुंबईला नोकरीला असतो, महिन्यातून दोनदा येतो. मी त्याला फोन केला. "बाबांचं वय बघ, तू जरा समजुतीनं घे," तो म्हणाला. या घरात समजूत फक्त माझ्याकडेच ठेवायला दिलेली आहे का, असं विचारून मी फोन ठेवला.

त्यानंतर चौथ्या दिवशी सासरे बागेतून दुपारीच परतले. एरवी ते सरळ ओटीवर चढतात. त्या दिवशी खळ्याच्या दगडी गडग्याबाहेरच उभे राहिले. पायांत चपला नव्हत्या.

"पिल्लाला आत घेऊन जा आणि दार लाव," ते म्हणाले. "मग बादली आण आणि तुझं ते फरशीचं जंतुनाशक."

"काय झालं, बाबा?"

"तिन्ही गेली. त्याची भावंडं. दोन दिवस रक्त हगत होती. राखणदार हळदीचं पाणी पाजत बसला होता." ते स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाले, "मीच सांगितलं होतं त्याला."

मग कळलं की त्यांनी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन केला होता. नंबर कार्डावरून कधी उतरवून घेतला होता, देव जाणे. चपलांवरूनही रोग घरात येतो, असं बाईंनी सांगितल्यावर त्यांनी चपला बागेतच जाळल्या, त्याच पायांनी मळलेली स्कूटरही तिथेच सोडली आणि उन्हात अनवाणी रिक्षा शोधत आले. मी पाणी ओतत होते आणि ते गडग्याला धरून एकेक पाय धूत होते. इतके दिवस त्यांना सुनवायचं म्हणून कितीतरी वाक्यं तयार ठेवली होती. ती तशीच ठेवून मी दुसरी बादली भरून आणली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आम्ही दोघंही गेलो. बाईंनी पिल्लाचा ताप पाहिला, हिरड्या पाहिल्या, खातं-पितं का विचारलं आणि इंजेक्शन दिलं. आठवडाभर लक्ष ठेवा म्हणाल्या. त्या आठवड्यात सासऱ्यांनी त्याची शी दिवसातून चार वेळा तपासली आणि मला, मी जेवत असले तरी, तपशीलवार सांगितली.

पिल्लाला काही झालं नाही. माझं मात्र सुख संपलं. आता शाळेतून आले की मला गडग्याशीच चपला काढाव्या लागतात. भाजीवालीला फाटकातून आत यायची बंदी आहे. तिसरा डोस झाला, रेबीजचंही झालं, तरी पिल्लाला मांडवीला न्यायचं नाव नाही. आता ते दांडगं झालंय. घरात कोंडल्यामुळे सोफ्याचा एक हात त्याने खाऊन टाकला. "बाई म्हणाल्यात आता न्यायला हरकत नाही," मी परवा सांगितलं.

"त्या तरुण आहेत," सासरे म्हणाले. "अजून पंधरा दिवस थांबू."