नातं सिद्ध होत नाही

अन्याय झाला तो सुषमा कांबळेवर. गेल्या ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, नांदेडला आमच्या मदत केंद्राच्या टेबलावर. पाकीट मीच फोडलं. आत तिचा पासपोर्ट होता, कोरा. सोबत एक कागद. त्यात कामाचं वाक्य एकच: प्रायोजकाशी असलेलं आपलं नातं समाधानकारकरीत्या सिद्ध होत नाही.

"म्हणजे काय?" सुषमानं विचारलं.

"म्हणजे व्हिसा नाकारला."

"ते कळलं ताई. पण नातं कुणाचं? राहुलचं न् माझं? भाऊ हाय की तो माझा!"

मी तो कागद पुन्हा वाचला. कारण कळायला पुढचे पाच-सहा आठवडे गेले.

सुषमा निलंगा तालुक्यातली. आईवडील दुसऱ्याच्या रानात कामाला. ती लातूरला एका दवाखान्यात नर्स आहे. डायलिसिसच्या दहा महिन्यांच्या कोर्सला परदेशात तिला जागा मिळाली. देशाचं नाव लिहीत नाही, कारण तिला तिथं पुन्हा अर्ज करायचाय. तिचा धाकटा भाऊ राहुल तिथंच एका वृद्धाश्रमात काम करतो. त्या देशाचा नियम असा की, रक्ताच्या नात्यातला माणूस तिथं असेल तर राहण्या-जेवण्याची हमी त्यानं घेतलेली चालते. अशा माणसाला प्रायोजक म्हणायचं. साधी गोष्ट. वर्ग ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होणार होता. तोवर पोचली नाही, तर जागा दुसऱ्याला.

आमचं केंद्र म्हणजे एक खोली, दोन टेबलं, एक प्रिंटर. मी आधी संघटनेत पत्रकं लिहायचे, वाटायचे. तीन वर्षांपासून इथं फॉर्म भरते. स्कॉलरशिप, पासपोर्ट, व्हिसा. केंद्राचे प्रमुख वाघमारे सर. तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. त्यांनी मला कामाची एक पद्धत लावली: फॉर्ममधली प्रत्येक ओळ कागदाशी ताडायची. जुळली की पेन्सिलनं टिक. सगळ्या टिका झाल्या की फाईल बंद. ही पद्धत लक्षात ठेवा. घोळ तिच्यातच होता.

मी पुण्याच्या व्हिसा सेंटरला फोन लावला.

"नात्याचा कुठला पुरावा कमी पडला?"

"मॅडम, आम्ही फक्त फाईल घेतो आणि बोटांचे ठसे घेतो. निर्णय दूतावास करतं."

"मग दूतावासाचा नंबर द्या."

"दूतावास फोनवर बोलत नाही मॅडम."

"मग बोलतं कुठं?"

"पत्रातून. तुम्हाला आलंय ना ते पत्र?"

त्याच पत्राचा अर्थ विचारायला मी फोन केला होता. हे त्याला दोनदा सांगितलं. त्यानं दोनदा "धन्यवाद मॅडम" म्हटलं.

आम्ही ठरवलं, पुरावा कमी तर पुरावा वाढवू. सरपंचाचा दाखला जोडला. रेशनकार्ड जोडलं. दोघांच्या टी.सी. जोडल्या. टी.सी. म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. या दोघांचे जन्म घरी झाले, ग्रामपंचायतीत नोंद कधी झालीच नाही, त्यामुळं दोघांचे पासपोर्टही टी.सी.वरच निघालेले. राहुलनं तिकडून लहानपणीचा फोटो पाठवला. सुषमाच्या कडेवर तो बसलाय, नाक वाहतंय. मी फोटोला क्रमांक दिला, खाली इंग्रजीत ओळ लिहिली. पहिली फाईल एकोणीस पानांची होती, दुसरी चोपन्न. सगळ्या टिका झाल्या.

सप्टेंबरच्या मध्याला उत्तर आलं. तेच वाक्य. स्वल्पविरामसुद्धा तोच.

माझं डोकं फिरलं. मला शत्रू समोर लागतो. कधी वाटे, कांबळे आडनाव वाचून केलं. पण तिकडच्या साहेबाला कांबळे काय न् कुलकर्णी काय? मग वाटे, गरीब बघून केलं. पण सुषमाला पगार आहे. मग वाटलं, सेंटरवाल्यांनी पानं गहाळ केली. पण पोच चोपन्न पानांचीच होती. एकही आरोप टिकेना. तरी मी टेबलाशी बसून पत्रक लिहायला घेतलं. मथळा झाला होता: कागद मागतात, वाचत मात्र नाहीत!

वाघमारे सर चष्म्यावरून बघत होते.

"काय लिहून राहिली?"

"पत्रक. सोमवारी छापते."

"कुणाच्या विरोधात?"

मी पेन खाली ठेवलं. ते मलाच माहीत नव्हतं.

"आधी अफिडेव्हिट कर," सर म्हणाले. "आईचं. ही दोन्ही लेकरं माझ्याच पोटची, असं. आईच्या वर कोण साक्षीदार असतो?"

सुषमाची आई, शांताबाई, दोन दिवसांनी लेकीसोबत नांदेडला आल्या. लिहिता-वाचता येत नाही. अशा माणसाचा अंगठा घ्यायच्या आधी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो, आणि "वाचून दाखवला, समजला, कबूल आहे" असं खाली लिहावं लागतं. नोटरीचा तसा नियम आहे. म्हणून मी वाचायला लागले. मुलगी सुषमा, जन्म अमुक सालचा, एक जून. मुलगा राहुल, जन्म त्याच सालचा, पंधरा ऑक्टोबर.

शांताबाईंनी हात वर केला.

"थांब बाई. जूनला सुषी?"

"हो."

"न् राहुल्या?"

"ऑक्टोबरला."

"दुसऱ्या सालच्या?"

"नाही. त्याच."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अगं साडेचार महिन्यांत दुसरं लेकरू? शेळीला बी पाच महिने लागतात!"

सुषमा आईकडं बघत राहिली, मग माझ्याकडं, मग हातातल्या दोन टी.सी.कडं. वाघमारे सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत न लावता तसाच धरून ठेवला.

चूक ही अशी होती. सुषमाची तारीख तिच्या टी.सी.शी जुळत होती. टिक. राहुलची त्याच्या टी.सी.शी जुळत होती. टिक. दोन तारखा एकमेकींशी मी कधी ताडल्याच नाहीत. फॉर्ममध्ये त्या एकाखाली एक होत्या, माझ्याच अक्षरात. बरं, चोपन्न पानांमध्ये मी काय वाढवलं होतं? त्याच दोन तारखा आणखी सहा ठिकाणी.

"आई, मग राहुल खरा कधीचा?" सुषमानं विचारलं.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. तू त्याच्या आधी दोन सालं, हरभरा काढायच्या वक्ताला झालीस."

"मग शाळेत असं का लिहिलं?"

"गुरुजीला इचार."

गुरुजी म्हणजे सोनटक्के गुरुजी. निवृत्त होऊन औशाला राहतात. दुसऱ्या दिवशी मी लातूर गाठलं आणि मायलेकींना घेऊन तिथून औशाला गेले. गुरुजी ओसरीत पेपर वाचत होते. मी नमस्कार केला आणि लगेच सुरू झाले.

"गुरुजी, तुम्ही या दोघांच्या खोट्या तारखा लिहिल्या."

"खोट्या?" ते शांतपणे म्हणाले. "खरी कुणी सांगितली होती मला? हिची आई म्हणे हरभऱ्याच्या वक्ताला. हरभरा रजिस्टरात लिहू? अख्ख्या वर्गाला एक जून टाकलाय मी. माझा स्वतःचासुद्धा एक जूनच आहे, माझ्या गुरुजींनी टाकलेला."

"पण राहुलचा ऑक्टोबर का?"

गुरुजींनी पेपरची घडी घातली. सुषमाकडं बघितलं. "ही पोरगी भाऊ कडेवर घेऊन दाराशी उभी राहायची. आईबाप रानात. भावाला सोडून आत येईना. दिवाळीच्या सुट्टीनंतर म्हटलं, दोघं या. पोरगं चारचंच. पण नाव घातल्याशिवाय खिचडी द्यायची कशी? पहिलीला पाच पूर्ण लागत होते. पुढचं साल टाकावं तर पाच भरत नव्हते. तीच तारीख टाकावी तर जुळे झाले असते, आणि तपासणीचा साहेब विचारणार, जुळे तर एक एवढी न् एक एवढा कसा? म्हणून ऑक्टोबर टाकला."

"आणि आईच्या पोटातल्या महिन्यांचं काय?"

"ते सुचलं नाही," गुरुजी म्हणाले. "मास्तर होतो, दाई नव्हतो."

मी भांडायची तयारी करून गेले होते. आता भांडू कुणाशी?

"हे असं लिहून द्या," मी म्हटलं.

गुरुजींचा चेहरा उतरला. "सरकारी रजिस्टरात मी अंदाजानं तारीख टाकली, असं माझ्या सहीनं? पेन्शन बंद करता का पोरी माझी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शांताबाई बोलल्या. "गुरुजी, तीन सालं माझ्या लेकराला खिचडी घातलीत तुमी. ते बी लिवा. समदं लिवा. वाचणारा माणूसच असंल की तिकडं."

गुरुजी आत गेले आणि रेघांचा कागद घेऊन आले. दीड पान लिहिलं. सही केली, तारीख टाकली आणि म्हणाले, "ही मात्र पक्की आहे."

शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढला. त्यात दोघांची नावं एकाच दिवशी, लागोपाठ दोन ओळींत दाखल होती. आता फाईलवर कव्हर लेटर हवं होतं. कव्हर लेटर म्हणजे आपलं म्हणणं थोडक्यात सांगणारं पत्र. मी चार पानी लिहिलं. भूमिहीनांची स्थिती, जन्मनोंदीतला सरकारी हलगर्जीपणा, सगळं घेतलं. वाघमारे सरांनी लाल पेन उचललं.

"हे पत्र हाय, मोर्चा न्हाई."

अकरा ओळी उरल्या. आमच्या दोन्ही तारखा शाळेनं अंदाजानं लावलेल्या आहेत. कारण सोबत जोडलं आहे. अंतर अशक्य आहे हे आम्हाला मान्य आहे. नातं खरं आहे.

तिसरा अर्ज सप्टेंबरच्या शेवटी गेला. व्हिसा आला. नातं सिद्ध झालं. पाकीट आलं तो गुरुवार होता, ऑक्टोबरचा तिसरा. वर्ग पहिल्या सोमवारी सुरू होऊन गेला होता. कॉलेजची ईमेल नम्र होती: जागा प्रतीक्षायादीतल्या उमेदवाराला दिली आहे, पुढच्या वर्षी अवश्य अर्ज करा. तो व्हिसा याच वर्षीच्या कोर्सचा. पुढच्या वर्षी नवा अर्ज, नवी फाईल.

सुषमा पासपोर्टचं पान उघडून बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "जागा होती तवा व्हिसा नव्हता. आता व्हिसा हाय तर जागा न्हाई. मी नेमकी हाय कुठं, ताई?"

मी म्हटलं, "चूक माझी आहे. पहिल्याच फॉर्मवर दिसायला पाहिजे होती."

"हाव," ती म्हणाली. समजूत घातली नाही. बरं केलं. संध्याकाळच्या ड्यूटीला पोचायचं म्हणून लातूरच्या गाडीला निघून गेली.

दूतावासाच्या साहेबावर माझा राग अजून आहे. "दोन तारखा बघा," एवढे तीन शब्द त्यानं लिहिले असते, तर ऑगस्टमध्येच काम झालं असतं. पण जे त्याला दिसलं ते मला दिसलं नाही, हेही तितकंच खरं. प्रत्येक कागद खरा असून फाईल खोटी पडू शकते, हे मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

आता तुमच्याकडं मागणी, आणि ती विनंती नाही. आपल्याकडं एक जूनवाले घरोघरी आहेत. तुम्हीही असाल. व्हिसाचं नावसुद्धा निघायच्या आधी घरातल्या सगळ्या भावंडांचे दाखले काढा. एकाखाली एक मांडा. आणि आईला समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवा. याच आठवड्यात.